निजेला धोंडा खरेच पुरतो का?

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दमलेल्या माणसाला दगडाची उशी चालते, तसा गोंगाटही चालतो, असे आपण धरून चालतो. विज्ञानाच्या कसोटीवर ही समजूत अर्धीच खरी ठरते. उरलेला अर्धा भाग विद्यार्थ्यांनी व रातपाळी करणाऱ्या बंधुभगिनींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

झोपेची खोली प्रथम आवाजानेच मोजली गेली. १८६२ मध्ये जर्मनीतील अर्न्स्ट कोलश्युटर यांनी झोपलेल्या माणसाजवळ लंबकाचा हातोडा पाटीवर आपटून, किती मोठ्या आवाजाने जाग येते ते तपासले. पहिल्या तासात जाग येण्यास सर्वात मोठा आवाज लागला. पुढे झोप हलकी होत गेली. १९२४ मध्ये हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरींची पहिली नोंद घेतली आणि त्यानंतर माणसाला न उठवताही त्याच्या झोपेचा अभ्यास शक्य झाला.

आता थकव्याचा विचार करू. आपण जितका वेळ जागे असतो, तितके मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साठते व झोपेचा दाब वाढतो. चहा-कॉफीतील कॅफिन ॲडेनोसिनचा परिणाम तेवढ्यापुरता अडवते. झोपेची गरज मात्र तशीच राहते. हा दाब आणि शरीरातील घड्याळ मिळून झोप ठरवतात, अशी मांडणी झुरिकचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली. जागरणाने थकलेल्या माणसाला उठवण्यास मोठा आवाज लागतो, तो या दाबामुळेच. पहाटे दाब ओसरला की भांड्याच्या आवाजानेही जाग येते. रातपाळीहून आलेल्या कामगाराला थकवा भरपूर असतो. परंतु त्याचे शरीर-घड्याळ दिवस सुरू झाल्याचे सांगत असते आणि वस्तीही जागी झालेली असते. म्हणून त्याची झोप अपुरी राहते.

झोपेतही कान बंद होत नाहीत. ब्रिटिश संशोधक इयन ऑस्वाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये झोपलेल्या लोकांना नावे ऐकवली. स्वतःचे नाव आले की मेंदूच्या आलेखात अधिक ठळक प्रतिसाद उमटे. २०१० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी १२ जणांची झोप एक रात्र शांततेत व दोन रात्री गोंगाटात तपासली. ज्यांच्या आलेखात चातीच्या आकाराच्या जलद लहरी अधिक होत्या, त्यांची झोप आवाजातही अधिक टिकली. म्हणजे एकाच खोलीत एकाची झोप मोडते व दुसऱ्याची मोडत नाही, यात हट्टाचा किंवा नाजूकपणाचा प्रश्न नाही.

'आम्हाला सवय झाली आहे' असे रेल्वेमार्गाजवळ राहणारे सांगतात. ते काही अंशी खरे आहे. पूर्ण जाग येण्याचे प्रमाण कालांतराने कमी होते. पण आवाज झाला की हृदयाचे ठोके वाढतात आणि त्याची सवय शरीराला फारशी होत नाही. जाग आली नाही, एवढ्यावरून झोप नीट झाली असे मानता येत नाही.

थकव्याच्या बाबतीतही सवयीचा भरवसा धरता येत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही निरोगी व्यक्तींना १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिले. त्यांच्या लक्ष देण्याच्या क्षमतेत सलग जागरण केलेल्यांसारखी घसरण झाली. मात्र आपण किती मागे पडलो आहोत, हे त्यांना स्वतःला पुरेसे जाणवले नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास परीक्षेच्या काळात जागणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा. दिवसा वाचलेले पक्के होण्यास झोपेची मदत होते. झोप तोडून केलेला अभ्यास म्हणजे एका हाताने मिळवून दुसऱ्या हाताने सांडणे होय.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी घराबाहेरील रात्रीच्या सरासरी आवाजाची मर्यादा ४० डेसिबल सुचवली. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आहेत.

घर बदलणे प्रत्येकाच्या हाती नसते. पण काही गोष्टी निश्चित हाती आहेत. झोपण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी. दुपारनंतर चहा कमी करावा. दिवसा झोपणाऱ्याच्या खोलीत अंधार ठेवून मुलांना हळू बोलण्यास सांगावे. आणि सार्वजनिक कार्यक्रम कोणाचाही असो, आपला असला तरी, दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद व्हावा. शेजारच्या खोलीत उद्या परीक्षेला बसणारे मूल झोपलेले असेल. त्याची झोप राखणे हेही समाजकार्यच आहे.