श्वापदे पकडण्याच्या कामी गंधामिषाची निवड व उपयोग

हिंस्र श्वापदास सापळ्यात, पिंजऱ्यात किंवा छायाचित्रण-यंत्रासमोर आणावयाचे असल्यास त्यास एका ठरावीक जागी, निदान क्षणभर, थांबविणे आवश्यक असते. विस्तीर्ण रानात ही जागा अवघी वीतभर असते. श्वापदाने आपण होऊन त्या वीतभर जागेवर पाऊल ठेवावे यासाठी जो सुगंधी अथवा दुर्गंधी पदार्थ वापरतात, त्यास गंधामिष म्हणता येईल. खाद्य म्हणून ठेवलेल्या मांसाहून ते भिन्न होय. मांस खाण्यासाठी असते. गंधामिष केवळ हुंगण्यासाठी असते.

गंध जितका उग्र तितके गंधामिष परिणामकारक, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. ती बरोबर नाही. श्वापदांच्या जीवनात गंध ही एक प्रकारची भाषा आहे. कोण येऊन गेला, केव्हा गेला, तो नर की मादी, स्वकीय की परका, ही सर्व वार्ता ती गंधावरून जाणतात. म्हणून गंधामिषाची निवड करताना पहिला प्रश्न गंधाच्या तीव्रतेचा नसून त्याच्या अर्थाचा असतो.

गंधाचे तीन अर्थ

या दृष्टीने गंधामिषांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग भुकेस आवाहन करणाऱ्या गंधांचा. कुजके मांस, आंबविलेले मासे, फसफसलेली अंडी हे पदार्थ यात येतात. दुसरा वर्ग सामाजिक गंधांचा; त्याच जातीच्या प्राण्याचे मूत्र, विष्ठा किंवा गुदग्रंथींचा स्राव यांचा त्यात समावेश होतो. तिसरा वर्ग केवळ कुतूहल चाळविणाऱ्या गंधांचा होय.

उत्तर अमेरिकेतील कायोट या श्वापदाच्या बाबतीत हा विषय विशेष अभ्यासला गेला आहे. कायोट हा लांडग्याहून लहान असा श्वानकुलीन प्राणी असून मेंढपाळांशी त्याचे जुने वैर आहे. त्याचा विणीपूर्वीचा समागमकाळ सामान्यतः जानेवारी ते मार्च असा असतो. या काळात परक्या कायोटच्या मूत्राचा वास त्यास भुकेपेक्षाही अधिक ओढतो. इतर ऋतूंत, विशेषतः थंडीने अन्न दुर्मिळ झाले असता, खाद्यगंधाचा प्रभाव वाढतो. उलट, उंदीर व ससे विपुल असताना पोट भरलेले जनावर खाद्यगंधाकडे ढुंकूनही पाहत नाही. एकच गंधामिष वर्षभर सारखे काम देत नाही याचे कारण हेच.

मिश्रणाची घडण

व्यवसायाने सापळे लावणारे लोक आपापली मिश्रणे पिढ्यान्‌पिढ्या गुप्त ठेवीत आले आहेत. तथापि त्यांची घडण बहुधा ठरावीक असते. मांस, ग्रंथी किंवा अंडी हा पाया. त्यावर एखादा दूरवर पोहोचणारा उग्र घटक. आणि वास लवकर उडून जाऊ नये म्हणून एखादा स्थिरक. उग्र घटक म्हणून स्कंक या प्राण्याचा गंधकयुक्त स्राव प्रसिद्ध आहे. मराठी वाचकास कुतूहलाची वाटेल अशी गोष्ट म्हणजे आपल्या फोडणीतील हिंग हाही अमेरिकन मिश्रणांतील एक जुना घटक आहे. त्याच्या वासाचे कारणही गंधकाची संयुगेच होत. स्थिरक म्हणून ग्लिसरीन, लॅनोलीन किंवा इतर स्निग्ध पदार्थ वापरतात. ते बाष्पीभवन मंद करतात आणि कडाक्याच्या थंडीतही मिश्रण गोठू नये यासाठी ग्लिसरीनाचा उपयोग होतो.

प्रमाणित गंधाची गरज

गुप्त मिश्रणांनी सापळेवाल्याचे काम भागत असले तरी संशोधकाचे भागत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडील १७ राज्यांत कायोटच्या संख्येचा कल पाहण्यासाठी वार्षिक पाहणी सुरू झाली, तेव्हा ही अडचण स्पष्ट झाली. या पाहणीत रस्त्याच्या कडेने सुमारे अर्ध्या अर्ध्या किलोमीटरवर ५० गंधस्थाने मांडीत. प्रत्येक गंधस्थान म्हणजे सुमारे एक यार्ड व्यासाचे, चाळलेल्या मातीचे वर्तुळ असे आणि त्याच्या मध्यभागी गंधामिषाची कुपी असे. दुसऱ्या दिवशी मातीवरील पावले मोजावयाची, अशी ही साधी पद्धती होती.

आरंभी कुपीत फसफसलेल्या अंड्याचा पदार्थ असे. परंतु आंबवणीचा प्रत्येक घाणा सारखा उतरत नाही. यंदा पावले कमी उमटली तर कायोट कमी झाले की वास फिका पडला, याचा निर्णय कसा करावा? म्हणून अंड्याच्या या पदार्थातील बाष्पनशील घटकांचे रासायनिक पृथक्करण करण्यात आले आणि पुढे शुद्ध मेदाम्लांचे ठरावीक प्रमाणातील कृत्रिम मिश्रण तयार झाले. ते प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या लहान चकत्यांत जिरवून वापरता येते. एखाद्या विशिष्ट ठिकाणी जुने मिश्रण अधिक परिणामकारक ठरेलही. परंतु दोन वर्षांची किंवा दोन जिल्ह्यांची तुलना प्रमाणित गंधावाचून करता येत नाही.

मांडणीचे नियम

उत्तम गंधामिषही चुकीच्या जागी निरुपयोगी ठरते. गंधाचे मुख्य कार्य दूरच्या जनावरास खेचून आणणे हे नसून, जवळून जाणाऱ्या जनावरास वाटेवरून चार पावले बाजूस वळविणे हे होय. म्हणून प्रथम पाऊलखुणा व विष्ठा पाहून येण्याजाण्याची वाट निश्चित करावी लागते. ज्या दिशेने वारा नेहमी वाहतो ती बाजू पाहून गंध अशा ठिकाणी ठेवतात, की त्याची झुळूक वाटेवर यावी. सापळा वाट आणि गंध यांच्या मध्ये येतो. गंध सापळ्यावर मात्र कधीही लावीत नाहीत. तसे केल्यास जनावर सापळाच उकरते किंवा त्यावर लोळते. मात्रा थोडी असावी. काही थेंब किंवा वाटाण्याएवढा गोळा पुरतो. हातमोजे वापरणे आणि मिश्रणाचा थेंब इतरत्र सांडू न देणे हे नियम लहान दिसले तरी त्यांवरच पुष्कळसे यश अवलंबून असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कायोट आपल्या परिचयाच्या प्रदेशात नव्या वस्तूविषयी अत्यंत सावध असतो, परंतु त्या प्रदेशाबाहेर तो सापळ्यात अधिक सहज सापडतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. त्यामुळे मेंढ्यांवर हल्ला करणारे स्थानिक जोडपे मोकळे राहून भटके, निरुपद्रवी जनावरच पकडले जाण्याचा संभव असतो. सापडलेल्या जनावरांची संख्या हे कार्यसिद्धीचे माप नव्हे.

नको असलेले पाहुणे

गंधामिषाच्या निवडीत कोण येईल याइतकाच, कोण येऊ नये हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. गरुड व ससाणे भक्ष्य मुख्यतः डोळ्यांनी शोधतात. उघड्यावर ठेवलेले मांस त्यांना सापळ्यावर आणते. अमेरिकेतील अनेक राज्यांत सापळ्याजवळ दिसेल असे मांस ठेवण्यास बंदी आहे, ती याचसाठी. मातीत पुरलेला गंध हा धोका टाळतो. मात्र खाद्यगंध मेंढपाळाच्या कुत्र्यासही तितकाच प्रिय असतो, तेथे सामाजिक गंध अधिक निवडक ठरू शकतो.

न्यूझीलंडमध्ये हा प्रश्न पक्ष्यांच्या अस्तित्वाचाच झाला आहे. ससे आवरण्यासाठी १८८० नंतरच्या दशकात तेथे ब्रिटनमधून स्टोट नावाचा सडपातळ मांसाहारी प्राणी आणण्यात आला. त्याने सशांबरोबर किवीच्या पिलांचाही फडशा पाडण्यास आरंभ केला. आज तेथे लाकडी बोगद्यात सापळा बसवून त्यात कोंबडीचे अंडे किंवा सशाचे मांस ठेवतात. अरुंद तोंडामुळे पक्षी आत शिरत नाहीत. परंतु भक्ष्य विपुल असताना अंड्याचे आकर्षण उरत नाही. यावर संशोधकांनी फेरेट या स्टोटहून मोठ्या व वरचढ प्राण्याच्या वासाचा प्रयोग केला. स्टोट भिऊन दूर पळेल अशी अपेक्षा करता आली असती; प्रत्यक्षात त्या वासाजवळ स्टोट अधिक वेळा आढळले. प्रबळ प्रतिस्पर्ध्याची बातमी राखणे दुर्बळास हिताचे असते, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण होय.

मार्जारकुलीन श्वापदे आणि यवतमाळचा प्रसंग

वाघ, बिबळ्या आदी मार्जारकुलीन प्राणी झाडाझुडपांवर गंधयुक्त द्रव फवारून आपला प्रदेश आखतात. भारतीय शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी व त्यांचे सहकारी यांनी वाघाच्या या द्रवातील एक गंधद्रव्य बासमती तांदळाच्या सुगंधास कारण असणारे संयुगच असल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या अंबेमोहरातही तेच संयुग असते. वाघाच्या द्रवातील मेदामुळे वास दीर्घकाळ टिकतो. म्हणजे स्थिरकाची युक्ती निसर्गात पूर्वीपासूनच आहे.

२००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात २४ अत्तरे दोन चित्त्यांसमोर ठेवण्यात आली. 'ऑब्सेशन फॉर मेन' या अत्तरापाशी ते सरासरी ११ मिनिटे रमले; काही अत्तरे त्यांनी काही सेकंदांतच सोडली. पुढे ग्वाटेमालाच्या अरण्यात जग्वारांना छायाचित्रण-यंत्रांसमोर आणण्यासाठी हेच अत्तर वापरण्यात आले. जवादी मांजराच्या कस्तुरीची आठवण देणारा त्यातील गंध हे त्याचे कारण मानतात.

२०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात हेच अत्तर चर्चेत आले. तेथील टी-१ अथवा 'अवनी' या वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता व तिच्यासोबत सुमारे दहा महिन्यांचे दोन बछडे होते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार अशा जनावरास पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नसल्याची खात्री झाल्यावाचून मारण्याची आज्ञा देता येत नाही. म्हणून छायाचित्रण-यंत्रे, हत्ती इत्यादी उपायांबरोबर हे अत्तर व दुसऱ्या वाघिणीचे मूत्र यांचाही वापर झाल्याचे वृत्तपत्रांनी नोंदविले. अखेरीस २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मारली गेली.

या दोन गंधांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. अत्तर कुतूहल जागवते. परक्या वाघिणीचे मूत्र आक्रमणाची वार्ता देते आणि बछडे असलेल्या मादीस ती अस्वस्थ करणारी असते. शिवाय चित्ता पिंजऱ्यात अकरा मिनिटे रमला यावरून मुक्त वाघीण सापळ्यापाशी येईल असे अनुमान निघत नाही. तसे अनुमान काढण्यास त्याच रानात, त्याच काळात, गंध लावलेल्या व न लावलेल्या जागांची तुलना व्हावी लागते. माणसे मरत असताना अशी तुलना करण्यास सवड नसते. ती शांततेच्या काळात, छायाचित्रण-यंत्रांच्या साहाय्याने, आधीच करून ठेवणे हाच मार्ग उरतो. ज्या जनावरास जिवंत पकडावयाचे त्याच्या वाटा, ऋतू व गंधांचे अर्थ यांची नोंद हाताशी असेल, तरच कुपीतील थेंबाचा उपयोग होईल.