बर्फांतलें चर्च आणि निळी सावली



आज ज्या चित्राविषयीं मी बोलणार आहें, त्याचा विषय वरवर साधा आहे. हिंवाळ्यांतील एक खेडें, मध्यें चर्चचा मनोरा, भोंवतीं घरें, पुढें सीन नदीचें पाणी आणि सर्वत्र बर्फ. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारानें १८७८-७९ च्या सुमारास तें रंगविलें. खेड्याचें नांव व्हेतेय. चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहे.

मोनेनें चर्च काढिलें, असें म्हणणें मात्र अर्धेंच खरें. त्यानें काढिला तो चर्चवरचा प्रकाश. जवळ जावें तर नुसते रंगाचे तुटक फटकारे दिसतात. चार पावलें मागें सरावें, तों त्यांतूनच दगड, छप्पर, पाणी उभें राहतें. यालाच दृक्प्रत्ययवाद म्हणतात. १८७४ मध्यें मोनेच्याच एका सूर्योदयाच्या चित्राची थट्टा करतांना टीकाकारानें वापरलेला ‘इंप्रेशन’ हा शब्द या पंथास चिकटला. १८४१ मध्यें रंगाच्या धातूच्या नळ्या निघाल्या होत्या, म्हणून या मंडळींस उघड्यावर बसून तैलरंगांत काम करणें सोपें झालें. उघड्यावर बसल्यावर त्यांना दिसलें कीं, सावली काळी नसते. उन्हांतल्या बर्फावरील सावलींत आकाशाचा उजेड उतरतो. ती निळसर दिसते.

येथें मला एक कबुली द्यावयाची आहे. मुरुम येथें शिक्षक असतांना एका विद्यार्थ्यानें चुन्याच्या भिंतीवरची लिंबाची सावली निळी रंगविली. मीं ती खोडून काळी करविली. त्यानंतर त्यानें माझ्या तासाला रंग म्हणून हातीं धरला नाहीं. निवृत्तीनंतर मोनेच्या या चित्राची छापील प्रत पाहिली आणि दुसऱ्या सकाळीं पांढऱ्या भिंतीपुढें जाऊन उभा राहिलों. मुलगा बरोबर होता. मीं सावलीकडे कधीं पाहिलेंच नव्हतें.

व्हेतेय येथें मोनेचे दिवस ओढग्रस्तीचे होते. पत्नी कामीय आजारी होती. ५ सप्टेंबर १८७९ रोजीं ती तेथेंच वारली. तरी तें खेडें तो रंगवीत राहिला, आणि १९०१ मध्यें पुन्हां तेथें येऊन त्यानें तेंच चर्च वेगवेगळ्या प्रकाशांत रंगविलें.

आपल्या घरीं मुलें चित्र काढीत असतील, तर त्यांचा रंग चुकला असें म्हणण्यापूर्वीं त्यांच्यासह एकदां अंगणांत जावें, एवढीच माझी विनंति आहे.