विचार हलवणारी पुस्तकं – लेखांक ५ : हस्तिनापुराची उलटतपासणी

‘विचार बदलेल असं एखादं पुस्तक सुचवा’ असं म्हणणाऱ्याला बहुधा एखादं नवं मत हवं असतं. मतांना तोटा नाही, ती रोजच्या वर्तमानपत्रातही मिळतात. या लेखमालेतली पुस्तकं निराळ्या कारणासाठी निवडली आहेत. त्यातलं एकही मत पटलं नाही, तरी पुढचं पुस्तक हातात घेताना आपण आधीचे वाचक उरत नाही. इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ (१९६७) माझ्या लेखी त्यात पहिलं.

इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ. बर्लिनची डॉक्टरेट, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातलं संशोधन, भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा १९५३चा ग्रंथ. वारसा कुणाकडे जातो, मुलगी कुठे देतात, हे प्रश्न त्यांच्या रोजच्या कामाचे होते. तेच त्यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या कुरुकुळाला विचारले. हाताशी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती होती. १९१९मध्ये हाती घेतलेलं ते काम १९६६मध्ये पुरं झालं. मागाहून घुसलेला मजकूर त्यात वेगळा काढलेला असल्यामुळे बाईंना त्या मजकुरातल्या चमत्कारांशी झगडत बसावं लागलं नाही.

‘मयसभा’ हे प्रकरण घ्या. खांडववन अग्नीला अर्पण केलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. वणव्यातून निसटू पाहणाऱ्या जिवांना कृष्ण आणि अर्जुन दोन्ही बाजूंनी मारून परत आगीत लोटतात, हेही मूळ कथेत स्पष्ट आहे. पण इतकी कत्तल कशासाठी, हे आपण विचारत नाही. बाई विचारतात. उत्तर शोधताना त्या जमिनीपाशी येतात: पांडवांच्या नव्या राज्याला भूमी हवी होती आणि तिथे आधीपासून राहणारे नाग अडसर होते. त्या आगीतून वाचलेल्या मयासुराने उभारलेली ती दिमाखदार सभा मग पूर्वीसारखी दिसत नाही. एकदा हे वाचल्यावर कुठल्याही राजधानीच्या स्थापनेची कथा ऐकताना ‘तिथे आधी कोण राहत होतं?’ हा प्रश्न मनात येतोच.

‘पिता-पुत्र’मध्ये त्या धर्मराज हा विदुराचा मुलगा असावा, अशी शक्यता मांडतात. ती मला पूर्ण पटत नाही. भीष्मावरचा त्यांचा रोखही जरा जास्तच कडक वाटतो. पण पुरावे समोर मांडलेले असल्यामुळे भांडता येतं. द्रौपदीवरच्या लेखात तर आधाराची कथा कुठे संपली आणि आपली कल्पना कुठे सुरू झाली, हे त्या स्वतःच सांगून टाकतात. एवढा प्रामाणिकपणा आपल्याकडच्या पौराणिक कादंबऱ्यांत शोधून पाहा!

पुस्तकाला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ते वाचनालयात सहज सापडेल. पहिल्या पानापासून सुरुवात करायलाच हवी असं नाही. आधी ‘मयसभा’ वाचा, मग आदिपर्वातलं खांडवदहन भाषांतरात का होईना मुळातून वाचा, आणि बाईंशी कुठे पटत नाही ते समासात लिहून ठेवा. पुस्तक वाचनालयाचं असेल तर मात्र वहीत.

पुढच्या आठवड्यात ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’, १८८२.