समुद्राखालची केबल आणि सातारा-सांगलीचा मोबाईल

मोबाईलचे इंटरनेट उपग्रहातून येते, असा समज आपल्याकडे अजून आहे. प्रत्यक्षात साताऱ्यातून किंवा सांगलीतून परदेशात केलेला व्हिडिओ कॉल फक्त टॉवरपर्यंत हवेतून जातो. पुढे तो जमिनीखालच्या फायबरने बहुतेक वेळा मुंबईला पोहोचतो आणि तिथून समुद्रतळावरच्या केबलने देशाबाहेर पडतो. खोल समुद्रात ही केबल बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढीच जाड असते. आत केसासारखे काचेचे तंतू आणि त्यांतून धावणारा प्रकाश.

श्रीलंकेचेच पाहा. तिथली प्रवचने थेट ऐकणारे आपल्यात आहेत. तुतिकोरिन ते कोलंबो ही सुमारे ३२० किलोमीटरची केबल बीएसएनएल आणि श्रीलंका टेलिकॉमने २००६ मध्ये सुरू केली. सांगली-मुंबई रस्ता याहून लांब आहे! तरी प्रत्येक व्हिडिओ या जवळच्या वाटेने येतोच असे नाही. कंपन्यांचे करार जिथे झाले असतील तिथून माहिती वळते. शेजारचा व्हिडिओ सिंगापूरचा फेरा मारूनही येऊ शकतो.

त्रिपुराला मात्र शेजाऱ्याचा थेट उपयोग झाला. मार्च २०१६ पासून बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या समुद्री केबलवरून आगरतळ्याला इंटरनेट मिळू लागले. चेन्नई-मुंबईपेक्षा तो किनारा कितीतरी जवळ.

केबल तुटतात त्या बहुधा मासेमारीच्या जाळ्यांनी आणि जहाजांच्या नांगरांनी. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या आणि भारत-पाकिस्तानात नेट मंदावले. मंदावले, बंद पडले नाही, कारण इतर वाटा होत्या. दुरुस्तीला मात्र परदेशी जहाजाची वाट पाहावी लागते. भारताची स्वतःची दुरुस्ती-जहाजे असावीत, अशी शिफारस ट्रायने जून २०२३ मध्ये केली. आपल्या एवढ्या मोठ्या किनाऱ्याला ती फार आधी हवी होती.

तेव्हा नेट मंद झाले तर दोष समुद्रात असू शकतो. सगळ्या जिल्ह्याचे मोबाईल नेट एकदम गेले, तर तो बहुधा नसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीच्या हिंसाचारानंतर सातारा जिल्ह्यात नेट बंद झाले, ते प्रशासनाच्या आदेशाने. असा आदेश प्रसिद्ध करणे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात बंधनकारक केले आहे. नेट पुन्हा असे गेले, तर आधी तो आदेश मागा.