धडाम्! हा आवाज कुणी केला?

बीदरमध्ये चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे निघालात की वाटेत महमूद गावानचा मदरसा लागतो. तीन मजली इमारत, भिंतीवर निळ्या-पिवळ्या-हिरव्या चकचकीत फरश्यांचे उरलेसुरले तुकडे, आणि एकच मिनार. भालकी, औराद, बसवकल्याणच्या बऱ्याच मुलांनी तो सहलीत पाहिला असेल. मिनार मुळात दोन होते, बरं का! 1472 साली बांधलेल्या या विद्यालयात पुढे औरंगजेबाच्या काळात बंदुकीची दारू साठवली होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस ती पेटली. वीज पडून पेटली असं सांगतात. एक मिनार आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा उडाला.

समजा, या प्रसंगावर आपल्याला सिनेमा करायचा आहे. स्फोट संगणकावर रंगवता येईल. पण त्याचा आवाज कुठून आणायचा?

हे काम साउंड डिझायनरचं. तो एकच मोठा ‘धडाम्’ लावून मोकळा होत नाही. तसं केलं तर मदरसा उडतोय असं वाटतच नाही, दिवाळीतला सुतळी बॉम्ब फुटल्यासारखं वाटतं. म्हणून तो आवाजांचे थर रचतो. आधी कोरडा, तीक्ष्ण कडाका. त्याखाली ढगांचा खोल गडगडाट, इतका खोल की कानांपेक्षा छातीलाच जास्त जाणवावा. माणसाला साधारण 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि हा थर अगदी खालच्या टोकाचा असतो. थिएटरात त्याच्यासाठी वेगळा मोठा स्पीकर ठेवलेला असतो. मग दगड कोसळतात. आणि सगळ्यात शेवटी, जरा उशिरानं, फरश्यांचे तुकडे खळ्ळकन खाली येतात. हा शेवटचा थर मला सगळ्यात आवडतो. त्या किणकिणीमुळेच कळतं, की पडली ती साधी भिंत नव्हती, नक्षीची भिंत होती.

आता मिनारावरची कबुतरं उडवायची आहेत. त्यासाठी कबुतरं लागत नाहीत! चामड्याचे हातमोजे माइकसमोर फडफडवले की झालं. पडद्यावरचं चित्र बघत बघत, त्याच क्षणाला असे आवाज काढणाऱ्याला फोली आर्टिस्ट म्हणतात. हे नाव जॅक फोली या हॉलिवूडच्या माणसावरून पडलं. 1929 च्या सुमारास मूक सिनेमे बोलू लागले, तेव्हा त्यानं ही युक्ती रुळवली. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या, आगीच्या तडतडीसाठी चुरगळलेला चकचकीत कागद. आपल्या भागात तर सामानाची चंगळच आहे. कलबुरगी म्हणजे तुरीचं कोठार. पत्र्यावर मूठमूठ तूरडाळ सोडत राहिलात की पाऊस तयार! हाड मोडल्याचा आवाज हवा? वाळलेला कडबा कडकन मोडा. पावलांचं मात्र नीट बघावं लागतं. बीदरच्या तांबड्या मुरमावर पाऊल करकरतं, कलबुरगीच्या काळ्या ओल्या मातीत ते पचकतं. चुकीचं पाऊल लागलं तर इथल्या शेतकऱ्याच्या पोराला ते लगेच कळेल.

शेवटी हे सगळे आवाज, संवाद आणि संगीत एकत्र जमवायचं. मुंबईच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई हे काम करायचे. ‘शोले’चं ध्वनिमिश्रण त्यांनीच केलं. त्यातल्या एका प्रसंगात रिकामा झोपाळा करकरत राहतो. त्या करकरीनं अंगावर जो काटा येतो, तो गोळीबारानंही येत नाही. आईबाबांना विचारा, त्यांना तो झोपाळा आठवत असेल. मंगेश देसाईंचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत असतं. याची मला खरोखर हळहळ वाटते. ‘लगान’चे नकुल कामटे यांनी तर कच्छच्या उघड्या माळावर, शूटिंग चालू असतानाच, नटांचे खरे संवाद टिपले. त्याबद्दल त्यांना एच. श्रीधर यांच्यासोबत राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता हाच स्फोट कॉमिकमध्ये दाखवू. कागदाला तर आवाजच नसतो! इथे कामाला लागतो कॉमिकचा लेखक. तो चित्रं काढत नाही. पण कोणत्या पानावर किती चौकटी, चौकटीत कोण कुठे उभं, कोण काय बोलतं, हे सगळं तो आधी लिहून चित्रकाराला देतो. स्फोट कुठे ठेवायचा हेही तोच ठरवतो. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत मिनारावर कबुतरं आणि आभाळात वीज. पान उलटलं, की पूर्ण पानभर स्फोट! वाचणाऱ्याचा हात पान उलटतो तेवढा वेळ त्याचा श्वास अडकलेला असतो, आणि लेखकाला नेमकं तेच हवं असतं.

एक गंमत विज्ञानाची. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे एक किलोमीटरवर शेतात उभ्या असलेल्या मुलीला आधी नुसता उजेड दिसेल आणि साधारण तीन सेकंदांनी आवाज येईल. वाटेत हवा तीक्ष्ण आवाज जास्त शोषून घेते, म्हणून तिला कडाका कमी आणि घुमारा जास्त ऐकू येईल. हुशार लेखक तिला तीन चौकटी देईल: उजेडानं उजळलेला चेहरा, मग काहीच न घडणारी चौकट, आणि मग मोठ्या, थरथरत्या अक्षरांत ‘धडाम्’. सिनेमात बहुतेक वेळा उजेड आणि आवाज एकदमच लावतात. मला विचाराल तर कॉमिकवाली मुलगी जास्त खरी.

अशा गोष्टी रचणारे अनंत पै कर्नाटकातल्याच कार्कळचे. शिकले रसायन अभियांत्रिकी, आणि 1967 साली सुरू केली ‘अमर चित्र कथा’. त्यातला ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी चितारला. 1980 साली त्यांचंच ‘टिंकल’ हे मुलांचं कॉमिक निघालं, आणि त्यातला वेंधळा सुप्पंडी मुळात एका वाचकानं पाठवलेल्या गोष्टीतून आला.

मग आता तुमची पाळी. बीदरजवळ नौबादला बहामनी काळातलं जमिनीखालचं पाण्याचं भुयार आहे, कारेज म्हणतात त्याला. वरून ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडं. समजा, एका तोंडातून एका मुलाची घागर आत पडली. चार चौकटी लिहा, आणि त्याखाली आवाजांची यादी: घागर कशी वाजेल, घुमारा किती वेळ राहील, पाणी कधी वाजेल, आणि हे सगळं घरातल्या कोणत्या वस्तूंनी काढाल?