आडवा काप

मासा घरी आला की त्याला आधी मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ लागतं. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात हे कुणी कुणाला शिकवत नसे, बघून बघूनच हाताला सवय लागायची. त्यामुळे होनोलुलूत पहिल्यांदा आही माशाचा लालभडक तुकडा समोर आला, तेव्हा माझा हात आपोआप लिंबाकडे गेला. आगळ नव्हतं, म्हणून लिंबू. चौकोनी फोडींवर अर्ध्या लिंबाचा रस पिळला आणि कांदा चिरायला घेतला. पाच-सात मिनिटांनी पाहते, तर कलिंगडासारख्या फोडींच्या कडा दुधाळ, करड्या झालेल्या. एक फोड तोंडात टाकली. बाहेरून शिजल्यासारखी घट्ट, आतून कच्ची. आंबटाने माशातली प्रथिनं आवळली जातात. चुलीवर होतं तेच, फक्त आच नसते.

हवाईत वडीलधाऱ्या कुठल्याही बाईला आंटी म्हणतात, नातं असो वा नसो. आमच्या शेजारच्या आंटींचे पणजोबा जपानमधून उसाच्या मळ्यावर कामाला आलेले, आई मूळ हवाईची. त्या संध्याकाळी त्यांनी माझा वाडगा पाहिला, एक फोड खाल्ली आणि म्हणाल्या, "चव वाईट नाही. पण याला पोके म्हणू नकोस. पोके करायचं तर सुरीपासून सुरुवात करावी लागते. शनिवारी ये."

पोके हे मुळात क्रियापद आहे. मेरी कावेना पुकुई आणि सॅम्युएल एल्बर्ट यांच्या 1957 सालच्या हवाई भाषेच्या कोशात त्याचा अर्थ आडवं कापून तुकडे करणं असा दिला आहे, मग तो मासा असो की लाकूड. कच्च्या माशाच्या फोडींच्या पदार्थाचं नाव म्हणून हा शब्द रुळला तो बऱ्याच नंतर, साधारण 1970 च्या दशकात. मला हे फार जवळचं वाटलं. आपला ठेचा ठेचण्यावरून, खरडा खरडण्यावरून. त्यात काय काय पडलं हे नाव सांगत नाही, हाताने काय केलं ते सांगतं. माझी चूक नेमकी तिथेच झाली होती. मी मसाल्याचा विचार करत बसले आणि नावातच सांगितलेलं काम उरकून टाकलं.

आही म्हणजे टूना, आपला कुपा ज्या गोतावळ्यातला, त्यातलेच दोन मोठे भाऊ. एक पिवळ्या परांचा, दुसरा मोठ्या डोळ्यांचा. बांगडा आणि सुरमईही याच कुळातले. मोठ्या डोळ्यांचा मासा खोल, थंड पाण्यात राहतो, त्याच्या अंगात चरबी जास्त, आणि हवाईत तो हिवाळ्यात भरपूर येतो. उन्हाळ्यात पिवळ्या परांच्या माशाची चलती. त्याचं मांस जरा सडसडीत, रंग उजळ. मेयॉनेज घातलेल्या तिखट पोकेला आंटी पिवळ्या परांचा पसंत करतात. त्यांच्या मते चरबीचं काम मेयॉनेज करतंच, माशाने फक्त मासा असावं.

शनिवारी त्यांनी मला पहाटेच उठवलं. होनोलुलूच्या पियर 38 वर होणारा युनायटेड फिशिंग एजन्सीचा लिलाव 1952 पासून चालत आला आहे, टोकियोच्या लिलावाच्या धर्तीवर. रविवार सोडून रोज पहाटे साडेपाचला घंटा वाजते. मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर टोपल्यांचे लिलाव ऐकत वाढलेली, त्यामुळे आरडाओरड्याच्या तयारीनेच गेले होते. तिथे बर्फगार हॉलमध्ये मासे रांगेने मांडलेले आणि बोली जवळजवळ कुजबुजीत चाललेली. टोपलीचा भाव नाही, एकेका माशाचा वेगळा भाव. प्रत्येकाच्या शेपटीजवळ चीर दिलेली आणि शरीरातून पातळ नळीने काढलेला मांसाचा नमुना बाहेर ठेवलेला. घेणारा टॉर्च मारून चिरेत बघतो, तो नमुना बोटांत चोळून चरबी जोखतो, मग बोली लावतो. विकला गेला की माशावर कागदाची चिठ्ठी पडते आणि घोळका पुढच्या माशाकडे सरकतो.

एवढं जोखायचं कारण माशाच्या रक्तातच आहे. टूनाचं अंग आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतं. तो गळाला लागून झुंजला की आणखी तापतो. त्याला लगेच मारून बर्फात घातलं नाही, तर मांस फिकट, पाणचट होतं. इथले लोक त्याला जळका मासा म्हणतात. होनोलुलूच्या मोठ्या होड्या दोन-तीन आठवडे समुद्रावर असतात आणि मासा न गोठवता बर्फात ठेवून आणतात. त्यामुळे एकाच होडीतले दोन मासे ताजेपणात एकमेकांपासून फार लांब असू शकतात.

घरी करणाऱ्याने हे समजून घ्यायलाच हवं. या कुळातला मासा उबेत राहिला, की जीवाणू त्यात हिस्टामिन तयार करतात. ते एकदा झालं की शिजवून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठतं, डोकं ठणकतं. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमांत कच्चा मासा वाढण्याआधी कृमींसाठी तो खोल गोठवायला सांगितलं आहे. टूनाच्या काही जातींना त्यातून सूट आहे, पण थंडाव्यातून कुणालाच सूट नाही. म्हणून बंदरावर उन्हात पडलेला कुपा घेऊन कुणी हा प्रयोग करू नये, हे मी कळकळीने सांगते. गरोदर बाईने तर कच्चा मासा खाऊच नये. त्यातही मोठ्या डोळ्यांच्या माशात पारा जास्त असतो.

बाजारात आंटींनी माझ्याकडून दोन तुकड्यांची तुलना करून घेतली. एक गडद, जरा निस्तेज लाल. दुसरा गुलाबी आणि इतका चकचकीत की नजर हटेना. माझं बोट दुसऱ्याकडे गेलं. त्यांनी त्याच्या पाटीवरची ओळ दाखवली : आधी गोठवलेला. मांसाचा लाल रंग मायोग्लोबिनचा. हवेत राहिला की तो हळूहळू तपकिरी होतो, आणि त्यावरूनच आपल्याला शिळेपणा कळतो. काही ठिकाणी मासा गोठवण्याआधी त्याला कार्बन मोनॉक्साइड वायू देतात. मग तो रंग बदलतच नाही, आत काहीही झालं तरी. "रंग बोलला पाहिजे," आंटी म्हणाल्या, "गप्प बसलेला रंग घेऊ नये." आम्ही गडद तुकडा घेतला, 1 पौंडाचा, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास.

आंटींची सुरी लांब, अरुंद आणि एकाच अंगाने धार लावलेली. मला सवय विळीची. विळीवर पातं जागचं हलत नाही, आपण मासा त्याच्यावर ढकलतो. त्यामुळे माझ्या हातात सगळा जोर ढकलण्याचा. पहिल्याच कापाला मी सुरी खाली दाबली आणि मांस चेपलं गेलं, काठाने लाल पाणी सुटलं. "दाबू नको, ओढ," त्या म्हणाल्या. "मुठीकडच्या धारेपासून टोकापर्यंत, एकदाच. परत फिरायचं नाही." करवतीसारखी मागेपुढे केली की कापाचा चेहरा खरबरीत होतो. बरोबर ओढली की तो आरशासारखा सपाट येतो, त्यावर खिडकीचा उजेड दिसतो. मला तो उजेड पहिल्यांदा दिसला तेव्हा अर्धा मासा संपला होता.

त्याआधी तुकडा निवडून घ्यायचा. माशाच्या कुशीतून जाणारी काळपट, जांभळी पट्टी वेगळी काढायची. तिला रक्ताची, लोखंडाची चव असते. मग तुकडा उजेडात तिरका धरायचा. मांसातून पांढऱ्या बारीक रेषा जाताना दिसतात, लाकडाच्या थरांसारख्या, आणि कोशात लाकूड का आलं हे तेव्हा डोळ्यांनीच कळतं. काप या रेषांना आडवा गेला पाहिजे. आडवा गेला तर दाताखाली फोड विरघळते. रेषांच्या बरोबरीने गेला तर तोच मासा चिवट लागतो, आणि दोष माशाला दिला जातो.

शेपटीकडे या रेषा जाड होत जातात, दोऱ्यासारख्या. तिथे सुरीचं काम नाही. आंटींनी चमचा घेतला, तुकडा फळीवर पसरला आणि रेषेच्या दिशेने हलक्या हाताने खरवडत नेला. मांस लोण्यासारखं सुटून चमच्यात आलं आणि फळीवर पांढऱ्या धाग्यांची जाळी उरली. नारळाच्या कवडीतून कोवळं खोबरं काढावं तसं. हे खरवडलेलं मांस त्या फेकत नाहीत, सॉसमध्ये मिसळतात. त्याने सॉसला मेयॉनेज कमी लागतं आणि चव माशाचीच राहते. ही एक गोष्ट मी कुठल्याही पाककृतीत वाचली नव्हती.

फोडी पाऊण इंचाच्या, बर्फावर ठेवलेल्या वाडग्यात. पुढची कामं भराभर होतात.

आधी एक चमचा तिळाचं तेल, फोडींना सगळीकडून लागेल इतकंच. तेलाचा हात फिरला की मीठ माशाचं पाणी लगेच ओढत नाही. मग चिमूटभर जाड मीठ. आंटींच्या बरणीतलं मीठ तांबूस होतं, कवाई बेटावरच्या हानापेपेच्या मिठागरातलं, नातेवाइकांनी दिलेलं. ते विकत मिळत नाही. तिथली कुटुंबं मातीने लिंपलेल्या वाफ्यांत उन्हाळ्यात मीठ पिकवतात आणि ते फक्त देतात. शिरोड्याच्या मिठागरांवरून अनेकदा गेले असेन, पण मीठ ही भेट असू शकते हे मला ती बरणी हातात घेईपर्यंत कळलं नव्हतं.

मीठ, लिमू म्हणजे समुद्रशेवाळ, आणि भाजून कुटलेली कुकुईची बी, ज्याला इनामोना म्हणतात. आंटींच्या आईकडचं पोके एवढंच. कुकुई म्हणजे आपल्याकडचा रानअक्रोड. ती बी कच्ची खाल्ली तर पोट बिघडतं, म्हणून भाजायची आणि चिमटीनेच घालायची. सोया सॉस आणि तिळाचं तेल मागाहून आलं, मळ्यांवर आलेल्या लोकांबरोबर. सरकारी करारावरचे जपानी मजूर 1885 पासून येऊ लागले, कोरियन 1903 पासून. तिखट पोके तर त्याहूनही अलीकडचं. त्यातलं मेयॉनेज बहुतेकदा जपानी, अंड्याच्या नुसत्या बलकाचं. श्रीराचा सॉसला नाव थायलंडच्या गावाचं, पण कोंबड्याचं चित्र असलेली ती बाटली व्हिएतनाममधून निर्वासित होऊन आलेल्या डेव्हिड ट्रान यांनी 1980 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलेल्या कंपनीची.

तीन चमचे मेयॉनेज, दीड चमचा श्रीराचा, दोन छोटे चमचे सोया सॉस, चमचाभर मासागो. मासागो म्हणजे केपलिन माशाची नारिंगी गाभोळी, दाताखाली बारीक फुटणारी. हे सगळं वेगळ्या वाटीत कालवायचं. मी चाखून पाहिलं आणि म्हटलं, अजून तिखट हवं. आंटींनी मान हलवली. मिरचीचा तिखटपणा चरबीत विरघळतो, म्हणून मेयॉनेजमध्ये तो आधी दबतो आणि मग मागून येतो. आपलं कालवण नारळाच्या रसात असंच फसवतं. शेवटी त्यांनी अंगणातल्या झुडपावरून एक निओई तोडून आणली. हवाईची बारकी, उभी वाढणारी मिरची, आपल्या लवंगीची सख्खी बहीण. मी ती मिठाबरोबर ठेचून सॉसमध्ये घातली, आणि तेवढ्याने पुरलं.

सॉस माशावर घालायचा तो वाढायच्या क्षणीच. तासभर आधी कालवून ठेवलं तर मीठ पाणी काढतं, मेयॉनेज सैल होतं, फोडींच्या कडा करड्या पडतात. सॉसही फोडींना लागण्यापुरताच. मेयॉनेजमध्ये बुडालेलं पोके दिसलं की मला त्या माशाबद्दल शंका येते. वरून चिरलेली कांद्याची पात, ओगो नावाच्या शेवाळाचे कुरकुरीत तुकडे, खाली कोमट भात. भात गरम नको, नाहीतर लिंबाने केलं तेच वाफेने होईल.

पहिला घास घेतला तेव्हा तिखट आधी कळलंच नाही. आधी थंडावा, मग फोडीची गुळगुळीत धार जिभेला, मग समुद्राचं मीठ. निओई सगळ्यात शेवटी आली, घशाशी. आंटी खाताना बोलल्या नाहीत. त्यांनी वाडग्यातून एक फोड चॉपस्टिकवर उचलली, उजेडात धरून कापलेली बाजू पाहिली आणि खाल्ली.

फळीवर ती काळी पट्टी उरली होती. आंटी ती टाकायला निघाल्या, मी थांबवलं. आमच्याकडे कुप्याचा हाच भाग आवडीने खातात. तिच्या कापांना मीठ, हळद, लाल तिखट चोळलं, उरलेलं अर्धं लिंबू पिळलं, रव्यात घोळवलं आणि तव्यावर टाकलं. तेल तडतडलं तशा आंटी शेगडीजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"याचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"काप," मी म्हटलं.

त्यांनी तव्यावरूनच एक उचलला आणि बोटं पोळत असतानाच खाल्ला.