प्रकल्पाआधीचा प्रश्न

आपल्या माध्यमिक शाळांतून 'प्रकल्प' या नावाखाली जे काही दाखल होते, त्यात दुकानातून आणलेली चित्रे, मोबाइलवरून उतरवलेला मजकूर आणि क्वचित पालकांचे हस्ताक्षर यांचाच भरणा अधिक असतो. आणि संदर्भ कसा शोधावा याचे रीतसर शिक्षण घेतलेले ग्रंथपाल त्याच वेळी बदली तासाला वर्ग सांभाळीत असतात, किंवा गहाळ पुस्तकांचा तगादा आपल्यामागे लागू नये म्हणून कपाटांना कुलपे घालीत असतात.

समजा, इतिहासाच्या शिक्षकांनी नववीला '१९७२ चा दुष्काळ' हा विषय दिला. एवढ्या अफाट विषयापुढे विद्यार्थी दोन परिच्छेद उतरवून मोकळा होणार, यात नवल ते काय! परंतु विषय जाहीर करण्यापूर्वीच शिक्षक व ग्रंथपाल एकत्र बसले आणि 'आपल्या तालुक्यातील कोणते पाझर तलाव त्या वेळच्या दुष्काळी कामांतून झाले?' असा प्रश्न त्यांनी बेतला, तर शोधाला वाट फुटते. सुकडी, मिलो आणि खडी फोडणारी माणसे यांच्यापासून १९७७ च्या रोजगार हमी कायद्यापर्यंतचा धागा शिक्षकांना ठाऊक असतो. तर ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात पर्जन्यमान ५५१ मध्ये, शेती ६३० मध्ये आणि भारताचा इतिहास ९५४ मध्ये जात असल्यामुळे एकच दुष्काळ तीन कपाटांत विखुरलेला असतो, हे ग्रंथपालांना. जिल्हा गॅझेटिअर दुष्काळापूर्वी छापलेले असेल, तर त्यात तलावाचा उल्लेख नसणे हाही एक दाखला ठरतो. आणि आजोबांनी सांगितलेले साल ग्रामपंचायतीच्या दप्तराशी जुळले नाही, तर कोणाचे का मानावे, हा खरा इतिहासाचा तास.

अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठाच्या कॅरोल कुल्थाऊ यांनी विद्यार्थ्यांच्या शोधप्रक्रियेचा दीर्घकाळ अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की विषय निवडताना आलेला उत्साह माहितीचा ढीग समोर येताच मावळतो, संभ्रम बळावतो, आणि प्रश्नाला नेमका आकार आल्यावरच तो निवळू लागतो. नक्कल करण्याचा मोह, माझ्या मते, नेमका या संभ्रमात होतो. आपले मार्गदर्शन मात्र वही तपासण्याच्या वेळी, म्हणजे सगळे उरकल्यावर, सुरू होते.

तेव्हा मुख्याध्यापकांनी या मधल्या टप्प्यासाठी ग्रंथालयात दोन जोडतासिकांची तजवीज करावी, तेथे शिक्षक व ग्रंथपाल दोघेही हजर असावेत, आणि कोणता ग्रंथ पाहिला, काय मिळाले, काय मिळाले नाही, यांची कच्ची नोंदवही ग्रंथपालांनी तपासून तिला प्रकल्पाचे निम्मे गुण द्यावेत. मुखपृष्ठाच्या सजावटीला एकही नको.